भंगाराच्या आवारातील लष्करी वाहनांना ओळख कोण देणार?

चांदूर रेल्वे - मुंबई-हावडा मुख्य लोहमार्गावरील या तालुक्याच्या गावाला लष्करी वाहनांचे फारसे अप्रूप नाही. येथून नागपूरच्या दिशेने निघाले, धामणगाव मागे टाकले आणि वर्धा नदीचा पूल ओलांडला, की पुलगाव लागते. देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक तेथे आहे. पुढे नागपूरजवळ कामठीची जुनी छावणी आणि त्याही पुढे जबलपूर. लष्कराच्या मालमोटारी आणि जोंगा जिथे तयार झाल्या ते जबलपूर आणि त्या जिथे राबल्या त्या छावण्या, या दोहोंच्या मध्ये वऱ्हाड आहे. सेवेतून निवृत्त झालेली ही वाहने लिलावातून बाहेर पडली, की त्यातील काही वऱ्हाडातील गॅरेजच्या मागच्या आवारात, शेतावरच्या गोठ्याशेजारी किंवा कबाड्याच्या कुंपणाआड येऊन विसावतात. गावात त्यांना एकच नाव असते - ‘डिस्पोजलची गाडी’.

ही डिस्पोजलची गाडी नेमकी कोणती, कोणत्या वर्षाची, कोणत्या कारखान्यातील, हा प्रश्न आजवर हौशी मंडळींचा मानला जात होता. गेल्या काही वर्षांत त्याला वेगळे महत्त्व आले आहे. केंद्राच्या वाहन भंगार धोरणाला २०२१ मध्ये नियमांचे रूप मिळाले. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरविण्यात आली. सरकारी कार्यालयांतील अडगळ निकाली काढण्याची विशेष मोहीम २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये राबविली जाते आणि संरक्षण खातेही त्यात सहभागी असते. आवारे मोकळी होत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र आवारातून निघालेल्या प्रत्येक सांगाड्याचा प्रवास आता पूर्वीपेक्षा वेगाने भट्टीपर्यंत होतो आणि त्या वाटेवर ‘ही गाडी कोणती?’ असे विचारण्याची जबाबदारी कोणाचीही नाही.

ओळख कशी पटते?

लष्करी वाहनाची पहिली खूण म्हणजे बाण. भारतीय सेनादलांच्या वाहनक्रमांकात वरच्या दिशेने टोक असलेला बाण असतो. सरकारी मालमत्तेवर असा बाण उमटविण्याची प्रथा ब्रिटिशांची आणि ती आपल्याकडे टिकली. बाणानंतरचे दोन अंक वाहन सेवेत घेतल्याचे वर्ष सांगतात. त्यापुढे एक अक्षर, मग क्रमांक आणि अखेरीस वाहनाचा वर्ग सांगणारे अक्षर. लिलावापूर्वी किंवा नंतर हा क्रमांक पुसला जातो, त्यावर रंग चढतो. पण पत्र्यावर हाताने रंगविलेली अक्षरे सहजासहजी मरत नाहीत. तिरप्या उन्हात, बंपरच्या कडेला, वरच्या रंगाचा पापुद्रा सुटलेल्या जागी त्यांची कड दिसते. वर्षाचे दोन अंक जरी वाचता आले तरी निम्मे काम झाले.

दुसरी खूण पाहण्यासाठी खाली वाकावे लागते. नेहमीच्या मालमोटारीच्या पुढच्या बाजूला सरळ, भरीव धुरा असतो. लष्करी वाहनाला चारही चाकांना ताकद देणारी रचना लागते, म्हणून पुढच्या धुऱ्यालाही मागच्यासारखेच डिफरन्शियलचे गोल हाउसिंग असते आणि चालकाच्या बाजूला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एखादा दांडा असतो. मागच्या बाजूचे हाउसिंग पांढऱ्या रंगाने रंगविलेले असेल आणि त्याच्यावर एक बारीकसा दिवा असेल तर शंका उरत नाही. रात्रीच्या काफिल्यात हेडलाइट न लावता मागच्या चालकाला पुढची गाडी दिसावी, यासाठीची ती सोय. पुढच्या बाजूला पिवळ्या गोल पाटीवर आकडा दिसला, तर तो वाहनाच्या भारवर्गाचा. कोणत्या लष्करी पुलावरून ही गाडी जाऊ शकते, हे त्यावरून पूल सांभाळणाऱ्या जवानाला कळते.

एवढ्यावरून वाहन लष्करी होते, इतकेच ठरते. ते कोणते, हे ठरविण्यासाठी थोडा इतिहास माहीत असावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेना सुमारे २५ लाखांवर पोचली आणि तिच्यासाठी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधून वाहनांचा पूर देशात आला. युद्ध संपल्यावर ती परत नेणे परवडणारे नव्हते. अमेरिकी लष्कराचा भारतातील उरलेला साठा १९४६ मध्ये भारत सरकारकडे आला आणि तो विकण्यासाठी डिस्पोजलचे स्वतंत्र खाते राबू लागले. ‘डिस्पोजल’ हा शब्द वऱ्हाडी बोलीत शिरला तो याच घडामोडीतून. त्या काळातील दोन वाहने आजही ओळखता येतात.

पहिले अर्थातच जीप. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. नकाशा एकच असल्यामुळे दोन्ही दिसायला सारख्याच. युद्धकालीन जीपच्या तोंडावरील जाळीला नऊ उभ्या खाचा असतात. युद्धानंतरच्या नागरी जीपला आणि तिच्याच वंशातील महिंद्र जीपला सात. जुन्या जीपचे हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत बसविलेले, नंतरच्या जीपचे मोठे आणि बाहेर आलेले. जुन्या जीपला मागे उघडणारा दरवाजा नाही. स्टिअरिंग डावीकडे. विलीज की फोर्ड, हे पाहायचे असल्यास पुढच्या बंपरमागचा आडवा दांडा बघावा. तो गोल नळीचा असेल तर विलीज आणि उलट्या पन्हाळीच्या आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डला आपल्या सुट्या भागांचा इतका अभिमान, की बोल्टच्या माथ्यावरदेखील कंपनीने ‘एफ’ हे अक्षर उमटविले. आठ दशकांच्या ग्रीसखाली ते आजही सापडते.

दुसरे वाहन कॅनडातून आलेली बसक्या नाकाची मालमोटार. फोर्ड आणि शेवरोलेट या दोन्ही कंपन्यांनी एकाच लष्करी आराखड्यानुसार ती बनविली आणि अशी सुमारे चार लाख वाहने तयार झाली. तिची काच ही तिची ओळख. नेहमीच्या गाडीची काच वरच्या बाजूला मागे झुकते, हिची खालच्या बाजूला आत गेलेली असते. काचेवरचा उन्हाचा तिरीप वरून विमानाला दिसू नये आणि चालकाच्या डोळ्यांवरही येऊ नये, हा त्यामागचा हेतू. स्टिअरिंग उजवीकडे, मागे जोडचाकांऐवजी एकेकच मोठे चाक. बॉनेट उघडल्यावर आठ सिलिंडरचे ‘व्ही’ आकाराचे इंजिन दिसले तर फोर्ड, सहा सिलिंडरचे सरळ इंजिन दिसले तर शेवरोलेट. अर्थात, मूळ इंजिन जागेवर असेल तर! डिझेल स्वस्त झाल्याच्या काळात बहुतेकांनी ते केव्हाच काढून टाकलेले असते. देशातील अनेक गॅरेजांनी याच मालमोटारींवर क्रेन बसवून पुढे कित्येक वर्षे अपघातग्रस्त वाहने ओढली.

कॅनडाच्या याच सांगाड्यांवर भारतात चिलखती गाडीही तयार झाली. तिची पोलादी काया टाटांच्या कारखान्यात आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या कार्यशाळांत तयार होत असे. त्यामुळे तिला सैनिकांत ‘टाटानगर’ असे नाव पडले. साडेचार हजारांहून अधिक अशा गाड्या बनल्या. त्या उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत भारतीय पलटणींबरोबर फिरल्या, मात्र ज्या देशात त्या घडल्या त्या देशातल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

जबलपूरची पिढी

वऱ्हाडातील आवारात आज दिसण्याची शक्यता अधिक आहे ती मात्र यानंतरच्या, जबलपूरच्या पिढीची. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीशी करार करून १९५९ मध्ये जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ‘शक्तिमान’ मालमोटारीचे उत्पादन सुरू झाले. व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. लष्कराने स्वतःची मालमोटार स्वतः बनवावी का, यावर तेव्हा बरीच टीका झाली होती. पण १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जवानांचे शिधे, दारूगोळा आणि जखमी वाहून नेण्याचे काम याच गाडीने केले. पुढे १९६९ मध्ये जबलपूरला स्वतंत्र वाहन कारखाना सुरू झाला आणि शक्तिमानचे उत्पादन तेथे १९९६ पर्यंत चालले. लांब, गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड आणि डिझेल इंजिनाचा विशिष्ट घरघराट ही तिची ओळख. तिची जागा पुढे अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ने घेतली. स्टॅलियनला बॉनेट नाही, त्यामुळे या दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही.

जोंगाचे तसे नाही. निस्सान पेट्रोलच्या आराखड्यावर जबलपूरला १९६९ पासून तयार झालेली ही गाडी. तिचे नावच कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले. तिचे सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन सामान्य मालकाच्या खिशाला कधीच परवडले नाही. लिलावातून आलेल्या बहुतेक जोंगांच्या पोटात म्हणूनच दुसरेच कोणते तरी डिझेल इंजिन सापडते. तिचीच मोठी बहीण म्हणजे निस्सानची एक टनी गाडी. लोक दोहोंना सर्रास जोंगाच म्हणतात. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. महेंद्रसिंह धोनी यांनी २०१९ मध्ये एक जोंगा घेतल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि कालपर्यंत किलोवर विकल्या जाणाऱ्या गाडीची एकाएकी चौकशी सुरू झाली. एका क्रिकेटपटूने जे केले ते वस्तुसंग्रहालये करू शकली नाहीत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती ठरू नये.

हिरव्या रंगाचा घोळ

ओळखीचा प्रश्न आवाराबाहेरच्या बाजारातही येतो आणि तेथे त्याला पैशाचे वळण मिळते. ‘महायुद्धातील अस्सल जीप’ म्हणून जी वाहने विकली जातात, त्यातील कितीतरी प्रत्यक्षात नंतरच्या महिंद्र जीप असतात. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. म्हणजे घराणे तेच, पिढी वेगळी. सात खाचांची जाळी बदलून नऊ खाचांची बसविणे हे कुशल पत्रेकारागिराला अवघड काम नाही. त्यामुळे नुसती जाळी मोजून फसगत टळत नाही. चॅसिसवरील क्रमांक आणि दांड्याचा आकारच खरे बोलतो.

रंगावर तर मुळीच विसंबू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याखेरीज इतर कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे लिलावात घेतलेली अस्सल लष्करी गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा रंग बदलावाच लागतो. आज रस्त्यावर जी गाडी डौलाने हिरवी दिसते, ती बहुधा कायद्याच्या दृष्टीने चुकीची आणि इतिहासाच्या दृष्टीने संशयास्पद. खरी निवृत्त गाडी पांढरी, निळी, मळकट तपकिरी, कशीही असू शकते आणि तिचा हिरवा रंग दाराच्या बिजागरीमागे किंवा आसनाखाली नखाने खरवडल्यावर दिसतो.

हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी लष्करी लिलावातील सुटे भाग आणि नवे पत्रे जोडून जीप बांधण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. या जीप देशभर जातात. एकीची चॅसिस, दुसरीचे इंजिन, तिसरीची कागदपत्रे असा हा संसार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार उत्पादकाने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. त्यामुळे हौसेने लाखभर रुपये मोजणाऱ्या खरेदीदाराला आपली गाडी मूळची कोणती, हे ठाऊक नसेल तर ती आरटीओच्या दारात अडकण्याची शक्यता असते. गाडी ओळखता येणे ही अशा वेळी हौस राहत नाही, ती खरेदीदाराची गरज होते.

तीन कायदे, तिन्हींच्या फटीत गाडी

यातील खरा गुंता कायद्याचा आहे. जुनी लष्करी गाडी जपायची असे कोणी ठरविले, तर त्याला आधार देऊ शकतील असे तीन कायदेशीर मार्ग दिसतात. तिन्ही मार्ग ऐनवेळी हात आखडता घेतात.

पहिला मार्ग पुरावस्तूंचा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षे आहे. १९४३ ची मालमोटार त्यात बसण्यास अजून बराच अवकाश आहे आणि शक्तिमानचा तर प्रश्नच नाही.

दुसरा मार्ग ‘व्हिंटेज’ नोंदणीचा. केंद्राने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. नियम स्वागतार्ह आहेत. पण ते खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. मालवाहू वर्गातील वाहन त्यात येत नाही. म्हणजे संस्थानिकाची मोटार जपली जाईल, तिला संरक्षण देणाऱ्या सैन्याची मालमोटार नाही.

जीप आणि जोंगा यांच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते, ती ‘पहिल्या नोंदणी’ची. सेनादलाच्या वाहनांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्करी अधिकाऱ्यांमार्फत होते. ते वाहन विकले गेल्यावर मग त्याला नेहमीच्या नागरी नोंदणीची तरतूद लागू होते. समजा, १९७२ मध्ये सेवेत आलेली जोंगा १९९२ मध्ये लिलावात गेली आणि त्याच वर्षी तिची आरटीओत नोंद झाली. लष्करी सेवेची कागदपत्रे मालकाच्या हाती नसतील, तर तो दाखवू शकेल ती तारीख १९९२ चीच. गाडी पन्नाशी ओलांडून गेली असली तरी कागदावर ती तिशीतच राहते. अशा वेळी बाणापुढचे ते दोन पुसट अंक वाचण्याला आणि चॅसिस क्रमांकावरून उत्पादनवर्ष काढण्याला किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा मार्ग सूट मिळण्याचा. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेत पंधरा वर्षांची अट देशाच्या संरक्षणासाठी वापरात असलेल्या चिलखती आणि अन्य विशेष वाहनांना लागू होणार नाही, असे म्हटले आहे. ही सूट वापरातील वाहनांसाठी आहे, निवृत्त वाहनांसाठी नव्हे. आणि ती दिली आहे कामाच्या गरजेपोटी, जतनाचा विचार तिच्यात नाही. खासगी मालकाच्या वाट्याला येते ती वाढत्या शुल्काची पायरी. वीस वर्षांहून जुन्या हलक्या वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपयांवर गेले. प्रदूषण करणारी जुनी वाहने रस्त्यावरून जावीत, या धोरणाशी कोणी वाद घालणार नाही. पण वर्षातून चार वेळा आवाराबाहेर निघणारी जीप आणि रोज दोनशे किलोमीटर धावणारी काळीपिवळी यांना एकाच मापाने मोजले जाते, हेही तितकेच खरे.

रणगाडा चौकात, मालमोटार भट्टीत

लष्करी वाहने जपण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अहिल्यानगर येथे १९९४ मध्ये उभे राहिलेले रणगाडा संग्रहालय आशियात आपल्या प्रकारचे एकमेव मानले जाते. रोल्स रॉइसच्या सांगाड्यावरील चिलखती मोटार, महायुद्धातील माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, आपले सेंच्युरियन आणि विजयंता, शिवाय १९६५ मध्ये हाती लागलेला पाकिस्तानचा पॅटन तेथे एका आवारात पाहता येतात. प्रत्येक वाहनापुढे पाटी आहे. भंगाराचे आवार आणि संग्रहालयाचे आवार यांतील फरक पुष्कळदा त्या एका पाटीचाच असतो.

परंतु हे भाग्य रणगाड्यांचे. निवृत्त रणगाडा शहराच्या चौकात, शाळेच्या प्रवेशद्वारापाशी चबुतऱ्यावर चढतो. त्याच्यासमोर छायाचित्रे काढली जातात. त्याच युद्धात त्याला डिझेल पोचविणारी मालमोटार लिलावात जाते. लढाऊ शस्त्राभोवती वलय असते, रसद वाहणाऱ्या चाकाभोवती नसते. वास्तविक सामान्य जवानाचा संबंध आला तो रणगाड्यापेक्षा शक्तिमानशी अधिक. रजेवर येताना रेल्वे स्थानकापर्यंत त्याला सोडले तेही तिनेच. ब्रिटनमध्ये १९६८ पासून आणि अमेरिकेत १९७६ पासून लष्करी वाहनप्रेमींच्या संघटना कार्यरत आहेत आणि त्यांचा मोठा भर अशा बिनशस्त्र वाहनांवरच राहिला आहे. चॅसिस क्रमांकांच्या याद्या, सुट्या भागांची पुस्तके, रंगांचे नमुने असा प्रचंड ऐवज त्यांनी जमविला. आपल्याकडे अशी यादी कोणी सुरू केली, तर ती सुरू करण्यासाठी सामग्री अजून आहे. ती तालुक्या-तालुक्यांच्या आवारांत गंजत आहे.

आवारातून पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. लष्कराचा माल ‘एमएसटीसी’ या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून विकला जातो. खरेदीदार त्याची वर्गवारी करतो. धावण्याजोगे वाहन असेल तर ते वेगळे निघते, उरलेल्यावर गॅस कटर चालतो. धुरा ट्रॉलीला किंवा पाण्याच्या टँकरला लागतो. कमानपाट्यांचे पोलाद लोहाराच्या भात्यापाशी पोचते आणि त्यातून विळे, कोयते, वखराच्या पासा घडतात. स्प्रिंगच्या पोलादाला धार टिकते, हे कोणत्याही लोहाराला ठाऊक असते. उरलेला पत्रा आणि सांगाडा जालना किंवा नागपूरच्या भट्ट्यांकडे रवाना होतो. यात दुःख करण्यासारखे काही नाही. सीमेवर राबलेल्या गाडीचे पोलाद वऱ्हाडातील काळ्या मातीत वखराला लागावे, यात एक प्रकारचे सार्थकच आहे. फक्त पोलाद वितळण्याआधी गाडीची नोंद झालेली नसते.

हात लावण्यापूर्वी

पुलगावच्या शेजारी राहणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही, तरीही सांगितली पाहिजे. लष्करी भंगार म्हणजे निव्वळ लोखंड नव्हे. पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथूनच जवळ कालबाह्य स्फोटके नष्ट करण्याच्या जागेवर झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. त्याआधी, सप्टेंबर २००४ मध्ये, गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील तोफगोळा फुटून दहा कामगार दगावले होते. वाहन आणि दारूगोळा या वेगळ्या गोष्टी आहेत. पण भंगाराच्या ढिगात त्या एकमेकींशेजारी पडलेल्या असू शकतात. नळकांड्यासारखी, शेपटीला पंख असलेली किंवा रंगीत पट्टे असलेली कोणतीही वस्तू दिसली, तर तिला न हलविता पोलिसांना कळविणे हाच एक मार्ग.

वाहनातही एक छुपा धोका आहे. युद्धकालीन जीप आणि कॅनडाच्या मालमोटारींची चाके बहुधा दोन तबकड्या बोल्टने एकत्र जोडून केलेली असतात. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर तबकडी तोफगोळ्यासारखी उडते. चाक वाहनाला धरून ठेवणारे नट कोणते आणि तबकड्या जोडणारे कोणते, हे जाणकाराखेरीज इतरांना चटकन समजत नाही. आवारात काम करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने गाडी ओळखता येणे म्हणजे हेसुद्धा.

सहा महिन्यांची मुदत

नव्या व्यवस्थेत सुधारणेला जागा आहे आणि ती फार खर्चाचीही नाही. २०२१ च्या भंगार नियमांनी वाहन मोडणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. सरकारी खात्यांनी कालबाह्य, अतिरिक्त किंवा दुरुस्तीपलीकडची ठरविलेली वाहने अशा केंद्रांत जाणे अपेक्षित आहे. जीपची जुळणी करून देशाला तिची ओळख करून देणाऱ्या महिंद्र समूहानेच एमएसटीसीच्या भागीदारीत अशी केंद्रे काढली, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. या केंद्रांत वाहनाची कागदपत्रे तपासली जातात, संगणकावर नोंद होते, वाहन मोडल्याचे प्रमाणपत्र मिळते. जुन्या कबाड्याच्या तुलनेत ही निश्चितच प्रगती आहे. आता तेथील कर्मचाऱ्याला वाहनाचा क्रमांक टिपताना आणखी दोन रकाने भरायला सांगितले, तर काय बिघडेल? मूळ उत्पादक आणि उत्पादनवर्ष. सोबत समोरून, बाजूने आणि चॅसिसच्या पाटीचे असे तीन फोटो. सेनादलाच्या लिलावाच्या यादीत बाणासह मूळ क्रमांक नोंदवून त्याची प्रत खरेदीदाराला दिली, तर व्हिंटेज नोंदणीतील ‘पहिल्या तारखेचा’ घोळही बऱ्याच अंशी सुटेल. व्हिंटेज नियमांत मालमोटारींचा समावेश करणे हे त्यापुढचे पाऊल. त्यासाठी मात्र दिल्लीत इच्छा हवी.

तोवर काम हौशी मंडळींवरच अवलंबून आहे. ते करण्यासाठी वाहन विकत घेण्याची गरज नाही. मालकाची परवानगी घ्यावी, चॅसिसची पाटी ब्रशने साफ करावी, क्रमांक लिहून घ्यावा, फोटो काढावा आणि मालकाला गाडीचे खरे नाव सांगावे. आपल्या आवारात पडलेली ‘डिस्पोजलची गाडी’ १९४३ ची फोर्ड आहे, हे कळल्यावर मालक तिच्याकडे कटर घेऊन जाण्यापूर्वी एकदा तरी थांबतो.

भंगार नियमांत एक तरतूद आहे. वाहन मोडताना चॅसिस क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा कापून बाजूला काढायचा आणि प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने जपून ठेवायचा. चोरीच्या वाहनांना आळा बसावा, हा त्यामागचा उद्देश. सहा महिन्यांनंतर त्या तुकड्याचे काय करायचे, हे केंद्रावर सोपविले आहे.